दुसऱ्या पानावरची ओळ

“ती गोळी कशाला घेताय, डॉक्टर?”

केराबाई खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. अठरा दिवसांत त्या सकाळी पहिल्यांदाच तिनं आपल्या हातानं डोक्यावर पदर घेतला होता. हातांना नवी कातडी आली होती, गुलाबी आणि पातळ. घरी जायचं म्हणून तिची पिशवी आवरताना तळाशी गोळ्यांचं एक पाकीट सापडलं, तीन-चार गोळ्या संपलेलं. मी ते उचललं, कागदाची नीट घडी करून त्यात ठेवलं, वर दोरा गुंडाळला आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं.

“कागदाला लावायला,” मी म्हणालो.

“कंच्या कागदाला?”

“तुझ्याच. तुझ्यावर लिहायचंय मला.”

“अगं बया! माझ्यावर काय लिवायचंय?” ती हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. ओठ अजून फुटलेले होते. “मला सांगा, ह्ये झालं कशानं? मिरचीनंच न्हवं?”

केराबाई लवटे सांगोल्याकडची. बाजारपेठेतल्या मिरची कांडपाच्या गिरणीत कामाला होती. दिवसभर नाकातोंडात तिखट. सोळा-सतरा दिवस गालात कळा येत होत्या म्हणून आठवडी बाजाराच्या डॉक्टरनं तिला गोळ्या दिल्या होत्या. कळा थांबल्या. मग ताप आला, तोंड आलं, अंगावर फोड आले आणि दोन दिवसांत पाठीची कातडी ओल्या कागदासारखी निघायला लागली. आणली तेव्हा ती जगेल असं आमच्या वॉर्डात कुणालाच वाटलं नव्हतं. चादर चिकटायची म्हणून वाघचौरे सिस्टरांनी तिला अठरा दिवस केळीच्या पानांवर झोपवलं. रोज ताजी पानं, गरम पाण्यानं धुतलेली. ती वाचली त्याचं निम्मं श्रेय त्या पानांना आहे आणि उरलेलं सिस्टरांना. माझं त्यात काही नाही.

तर ती मला विचारत होती, मिरचीनंच ना?

मिरचीनं नव्हे हे मला ठाऊक होतं. तिनं काय काय खाल्लं, कधी खाल्लं, ताप कधी आला, याचा तक्ता मी स्वतः आखला होता. वैद्याचं चूर्ण ती पाच वर्षं घेत होती. तापाची गोळी ताप आल्यावर घेतलेली. राहिली गालाच्या कळांची गोळी. तिसरीतल्या पोराला सुटेल असं गणित होतं.

“असू शकतं,” मी म्हणालो. “मिरचीचंही असू शकतं. तपास चालू आहे.”

“मंग गिरणीत जाऊ नगं?”

“नकोच जाऊस.”

ती मान डोलावून उठली. जाताना सिस्टरांच्या पाया पडली, माझ्याही पडली. माझ्या पाया पडताना तिचं लक्ष माझ्या खिशाकडे होतं हे मला दिसलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी डॉक्टर खासनीस, तेव्हा एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, गोळीचंही नाही. गोळी अजून दुकानात मिळते, पुष्कळांना तिचा उपयोगही होतो. वाचणाऱ्यानं उगाच चालू औषध बंद करायचं आणि माझ्या डोक्यावर आणखी एक पाप चढायचं. आहेत तेवढी पुरेत.

आणि हो, तेव्हा आम्ही सगळेच गरीब रुग्णांना अरेतुरे करायचो. आता वाचताना खुपतं. खुपू दे.

ती गेल्यावर वाघचौरे सिस्टरांनी मला गाठलं. बाई साडेचार फूट उंच, पण त्यांच्यापुढे हाउसमनशिप करणारी पोरं चळचळा कापायची.

“सांगितलंत का तिला?”

“काय?”

“काय म्हणजे? ती गोळी परत खायची नाही म्हणून.”

“सर सांगतील. फेरतपासणीला येईल ना ती.”

“दोन एसट्या बदलून येते ती. परत येतेय कसली! आणि कार्डावर काय लिहिलंत? इंग्रजीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. तिनं ते काय देव्हाऱ्यात ठेवायचं?”

मी हसण्यावारी नेलं. खरं कारण असं होतं की हुपरीकर सरांनी मला सांगू नको म्हणून बजावलं होतं.

हुपरीकर सर आमच्या विभागाचे प्रमुख. निदानात त्यांचा हात धरणारा चार जिल्ह्यांत नव्हता, हे मी आजही मान्य करतो. पण सरांना एक वेड होतं, छापून येण्याचं. कपाटात त्यांच्या लेखांच्या फायली होत्या, आणि नवा विद्यार्थी आला की त्याला आधी कपाट दाखवायचे, मग वॉर्ड.

“नाव घेऊ नकोस गोळीचं,” ते म्हणाले होते. “तीन औषधं पोटात गेलीत. तुला वाटतंय तीच, मलाही वाटतंय. वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. तू तिला सांगणार, ती बाजारभर सांगणार, तो डॉक्टर माझ्याकडे येऊन बोंबलणार. तो माझाच विद्यार्थी आहे, पेशंट पाठवतो. आधी छापून येऊ दे, मग सांग हवं त्याला.”

“पण सर, तिनं परत घेतली तर?”

“आता कळा आहेत का तिला? नाहीत ना? मग कशाला घेईल? माणूस हौसेनं गोळ्या खातो का?”

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. माझा प्रबंध त्यांच्या सहीवर होता.

रुग्णाची हकिकत मी पंधरा दिवसांत लिहून काढली. आमच्याकडे अशा लेखाला केस रिपोर्ट म्हणतात. एका माणसाला काय झालं, कसं झालं, कशानं झालं असावं, एवढंच लिहायचं, म्हणजे दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तसाच माणूस दिसला तर तो सावध होतो. कोट्यवधी लोक गोळ्या खातात, त्यात एकाची कातडी जाते. तो एक कुणीतरी लिहून ठेवला नाही, तर तो मेला काय नि जगला काय, शास्त्राच्या दृष्टीनं घडलंच नाही. मला त्या कल्पनेची खरोखर भुरळ पडली होती. रात्रंदिवस रिपोर्टच डोक्यात. माझ्यामुळे कुठंतरी एखादा वाचेल असं वाटून छाती फुगायची. ज्यांना वाचवायचं होतं ते लोक माझ्या डोळ्यांपुढे असायचे लांबचे, परगावचे. सांगोल्याचं कुणी त्यात नसायचं.

लेख ज्या इंग्रजी वैद्यकीय मासिकाकडे पाठवला होता, त्याच्या संपादकांचं दसऱ्याच्या सुमारास पत्र आलं. लेख नीटस आहे, परंतु रुग्ण एकच, आणि या औषधाचा हा दुष्परिणाम पूर्वी नोंदला गेलेला आहे. नवीन काही आढळल्यास, विशेषतः असा आणखी रुग्ण आढळल्यास, अवश्य कळवावे.

सरांनी पत्र माझ्या हातात दिलं. “बघ. एकाला कोण विचारतो! दुसरी येऊ दे.”

“कधी यायची, सर?”

“येईल रे. गोळी खपतेय ना बाजारात?”

आम्ही दोघंही हसलो. खोटं कशाला सांगू, हसलो.

फेब्रुवारीत दुसरी आली.

मी दुपारी वॉर्डात शिरलो तर कोपऱ्यातल्या खाटेभोवती धावपळ चाललेली. बाई वयानं पंचविशीची. तोंड सुजलेलं, डोळे चिकटलेले, खांद्यावरची कातडी निघून लोंबत होती. पाहिल्याबरोबर मी ओळखलं. आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘दुसरी!’ हा. अगदी असाच आला, उड्या मारत. अरेरे म्हणून नाही आला. सदतीस वर्षं झाली, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मग मला खाटेमागे उभी असलेली केराबाई दिसली. तिच्या काखेत केळीच्या पानांचा हा एवढा भारा होता, सुतळीनं बांधलेला.

“मला ठाव हुतं लागतील म्हून,” ती धापा टाकत म्हणाली. “वाटंतच तोडून घेतली. डॉक्टर, ही माझी धाकली भण, छबू. माझ्यावाणीच झालंय हिला. आन् ही तर कवाच मिरचीत न्हवती हो!”

छबूचा नवरा शेजारी उभा होता. कोळेकर गुरुजी, जीवन शिक्षण मंदिरात, म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेत, मास्तर. खादीचा सदरा, खिशाला पेन. घाबरलेला, पण सगळं ऐकून घेणारा माणूस होता. त्याच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी होती.

“काय औषध घेतलं हिनं? महिन्याभरात काय काय खाल्लं?” मी विचारलं.

गुरुजी म्हणाले, “दाढ दुखत होती, गालात कळ यायची. अक्कांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांना लागू पडल्या होत्या म्हणून.”

“कुठल्या गोळ्या?”

केराबाईनं कमरेच्या पिशवीतनं एक पुडी काढली. कागदाची नीट घडी, वर दोरा गुंडाळलेला. अगदी मी बांधली होती तशी. तिनं ती माझ्यापुढे धरली आणि तिच्या तोंडावर चक्क अभिमान होता.

“ह्याच की. तुमी जपून ठिवल्या त्याच. घरात दोन पाकिटं हुती, तुमी बांदली तशीच मीबी बांदून ठिवली. म्हनलं, येवढे मोठे डॉक्टर मागून घेत्यात, कागदाला लावत्यात, म्हंजे गुणाचीच असनार. म्हून छबूला दिली. दुसऱ्या कुनाला दिली नसती.”

आता मी काय करायला हवं होतं? तिचे हात धरायला हवे होते. बाई, चूक माझी, मी सांगायला हवं होतं, असं म्हणायला हवं होतं. मी ओरडलो.

“अक्कल आहे का तुला? ही गोळी हिला दिलीस? याच गोळीनं तुझी कातडी गेली होती! मारायचंय का बहिणीला?”

सगळा वॉर्ड थांबला. गुरुजींनी कडेवरची मुलगी खाली ठेवली आणि केराबाईकडे पाहिलं.

“न्हाई, पन तुमीच तर…” ती म्हणाली. “तुमी तर मिरची म्हनला…”

“बाजूला हो! काम करू दे आम्हाला.”

आणि मी काम केलं. जीव तोडून केलं, त्यात कसूर नाही. नऊ दिवस मी घरी गेलो नाही. पण त्या नऊ दिवसांत मी छबूचे फोटोही काढले, तक्ताही आखला, आणि पहिल्या पुडीशेजारी दुसरी पुडी फाइलला लावली. वाघचौरे सिस्टर माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. केराबाई खाटेजवळ बसून पानं धूत होती. तिच्या नव्या कातडीला गरम पाणी सोसायचं नाही, तरी धुवायची. गुरुजी तिच्याशी बोलत नव्हते. मुलीला तिच्याजवळ जाऊ देत नव्हते.

दहाव्या दिवशी सकाळी छबू गेली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. दोन सख्ख्या बहिणी, एकच औषध, एकच आजार! रक्तातच काहीतरी असणार, असं हुपरीकर सरांनी मांडलं, आणि हे कुणी फारसं मांडलेलं नव्हतं. आधी जी किरकोळ होती ती हकिकत आता सोन्याची झाली. संपादकांनी उलट टपाली लेख स्वीकारला. फक्त एक शंका काढली. पहिल्या रुग्णास औषध टाळण्यास सांगितले होते काय? असल्यास तसे नमूद करावे.

मी ते पत्र घेऊन सरांच्या खोलीत गेलो. सर चहा पीत होते.

“लिही,” ते म्हणाले, “पहिल्या रुग्णास हे औषध पुन्हा न घेण्याची सक्त सूचना देऊन घरी पाठवण्यात आले.”

“सर, आपण सांगितलं नव्हतं.”

“सांगायला हवं होतं की नाही?”

“हो.”

“मग झालं तर. अरे, ही ओळ प्रत्येक रिपोर्टात असते. पत्राखाली ‘आपला नम्र’ लिहितोस तेव्हा तू काय नम्र असतोस? ती वाचतं कोण? लोक तक्ता वाचतात, चर्चा वाचतात. आणि नाही सांगितलं असं लिहिलंस तर उद्या काय होईल, कल्पना आहे? तुझी परीक्षा आहे ना मेमध्ये?”

मी टाइपरायटरपुढे बसलो आणि ओळ टाइप केली. दुसरं पान, वरून सहावी ओळ. टाइप करायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

लेख दिवाळीच्या अंकात आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. सरांनी विभागात पेढे वाटले. वाघचौरे सिस्टरांपुढे पुडा नेला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझा उपास आहे.” वार मंगळवार होता आणि सिस्टर कसलाही उपास करत नसत, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं.

त्या लेखानं पुढं खरंच काम केलं, हे नाकारता येणार नाही. इतरांना आणखी अशी घराणी सापडली, त्यांनी आमचा दाखला दिला. गेल्याच महिन्यात नांदेडहून एका तरुण डॉक्टर मुलीचा फोन आला होता. “सर, तुमचा तो जुना रिपोर्ट वाचल्यापासून मी ही गोळी लिहायच्या आधी भावाबहिणींचं विचारते. परवा एकीला दिली नाही. तिच्या भावाला लहानपणी त्रास झाला होता म्हणे.” मी म्हटलं, शाब्बास. ती म्हणाली, “सगळं श्रेय तुमचं, सर.” मी फोन ठेवला आणि दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसत राहिलो. बायको म्हणाली, कुणी कौतुक केलं की तुम्हाला काय होतं हो?

काय होतं ते आता सांगतो.

अंक आल्यावर चार महिन्यांनी, मार्चमध्ये, मी बाह्यरुग्ण विभागात बसलो होतो. परीक्षा पास झालो होतो, तिथंच लेक्चररची जागा मिळणार होती, सरांच्या शिफारशीचं पत्र वर गेलं होतं. सर शेजारच्या खोलीत पेशंट बघत होते, मधे फक्त पडदा.

दारात गुरुजी उभे राहिले. मागे केराबाई. वर्षभरात बाई वाळून गेली होती. गिरणी सोडली ती सोडलीच होती, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती.

“पाच मिनिटं, डॉक्टरसाहेब,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी पिशवीतनं लेखाची प्रत काढली. वेगळी छापून येते ती, चार पानी, गुळगुळीत.

“ही तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी दिली मला. मृत्यूच्या दाखल्यासाठी आलो होतो तेव्हा. म्हणाले, मास्तर, तुमच्या मंडळींचं नाव नाही यात, पण त्यांचा आजार आता परदेशात वाचतील. मी वाचली. डिक्शनरी घेऊन वाचली, तीन आठवडे लागले.”

पानाच्या समासात पेन्सिलनं मराठी लिहिलेलं होतं, मास्तरी वळणाचं, टपोरं. प्रत्येक ओळीचं भाषांतर होतं. त्यांनी दुसरं पान उघडून बोट ठेवलं आणि वर्गात वाचावं तसं स्वच्छ वाचलं.

“‘पहिल्या रुग्णास हे औषध पुन्हा न घेण्याची सक्त सूचना देऊन घरी पाठवण्यात आले.’ पहिली रुग्ण म्हणजे या अक्काच ना?”

“हो,” मी म्हणालो.

“अक्का म्हणतात, त्यांना असं कुणी सांगितलं नाही. वर्षभर म्हणतायत. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे यांच्या सख्ख्या आईनं, यांना दार बंद केलंय. मीही पोरीला यांच्याकडे धाडत नाही. सांगितलेलं असूनही दिली म्हटल्यावर कसा धाडू? पोर मावशी मावशी करून रडते. पण अक्का शपथेवर सांगतात, तेव्हा मला वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल. आमच्या शाळेच्या पुस्तकांतसुद्धा असते. म्हणून विचारायला आलो.”

त्यांनी प्रत टेबलावर ठेवली.

“मला भांडायचं नाही, डॉक्टरसाहेब. कोर्टकचेरी करायची नाही. छबू काही परत येत नाही. तुम्ही एवढंच म्हणा की सांगायचं राहून गेलं. मी आत्ता इथनं अक्कांना हाताला धरून सासूबाईंकडे नेतो.”

असं स्वच्छ मागणं माझ्याकडे पुन्हा कुणी आयुष्यात मागितलं नाही. चार शब्दांचं काम होतं.

केराबाई पुढे आली. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

“सांगा की, डॉक्टर. तुमी पाकीट घेतलं, दोरा गुंडाळला. मी इचारलं, कशाला? तुमी म्हनला, कागदाला लावायला. मंग मी इचारलं, मिरचीनं झालं का? तुमी म्हनला, असंल. गिरणीत जाऊ नगं म्हनला. म्या गिरणी सोडली न्हवं? गोळीचं काय म्हनला हुता का? यांना सांगा येकदा.”

शेजारच्या खोलीत सरांचा आवाज थांबला होता. पडद्याखाली त्यांचे बूट दिसत होते, काळे, चकचकीत. ते हलत नव्हते.

मी लेखाकडे पाहिलं. वर सरांचं नाव, खाली माझं. आयुष्यात पहिल्यांदा छापून आलेलं.

“छापलंय तसंच आहे,” मी म्हणालो.

गुरुजी जरा पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, “नक्की?”

“सूचना दिल्याशिवाय आम्ही कुणाला घरी पाठवत नाही.”

“आन् मिरचीचं?” केराबाई म्हणाली. “त्ये तरी आठवतंय न्हवं?”

“नाही,” मी म्हणालो. “तसं काही आठवत नाही.”

मला वाटलं, आता ती मला शिव्या घालेल. घालाव्यात म्हणून मी वाट बघत होतो, देवाशप्पथ. नाव घेऊन, आईबाप काढून, सगळ्या ओपीडीपुढे. सरांचे बूट पडद्याखालून निघून गेले. आत पुन्हा बोलणं सुरू झालं, जीभ दाखवा, किती दिवस झाले.

केराबाई टेबलाजवळ आली. तिनं ती चार पानी प्रत हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजींनी बोट ठेवलं होतं तिथं तिनं बोट ठेवलं, पेन्सिलच्या अक्षरांवर नाही, छापलेल्या ओळीवर. बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवायला बघत होती.

“सांगितलं असंल मंग,” ती गुरुजींना म्हणाली. “तापात हुते मी. कानातनं गेलं असंल. छापून आलंय, म्हंजे यांनी सांगितलंच असनार.”

आणि मग ती वाकून माझ्या पाया पडली. “माझंच चुकलं, डॉक्टर,” ती म्हणाली. “तुमी तरी किती जनांना सांगनार.”